बांधावरचा गोळा

आमच्या घरी जेवताना भूगोल असायचा. दुसऱ्यांकडे रेडिओ असायचा, आमच्याकडे बाबा होते. आईनं तांदळाची भाकरी ताटात टाकली रे टाकली की बाबा ती उचलून मधोमध मोडायचे, एक तुकडा ताटाच्या या कडेला ठेवायचे, दुसरा त्या कडेला, आणि मध्ये कालवणाचा समुद्र. "हं, सुजे, बोल. ही आफ्रिका, ही दक्षिण अमेरिका. एकेकाळी एक होत्या, कशावरून?" मी म्हणायची, कडा जुळतात. "कडा काय, कुणाच्याबी कुणाशी जुळवता येतात. जरा दाबलं, जरा ओढलं की झालं. अजून?" मग मी दोन्ही तुकडे उचलून जवळ आणायची आणि दाखवायची की तव्यावर करपलेला काळा डाग या तुकड्यावर सुरू होतो आणि त्या तुकड्यावर संपतो. "शाब्बास! कडा जुळल्या, डाग जुळले. मग भाकरी एकच!" यावर आई ठरलेलं वाक्य बोलायची, "भाकरी एकच होती हे मी सांगते, मी थापलीय. आता निवायच्या आत गिळा."

बाबा वाशीच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. पाठ्यपुस्तकात खंडवहनावर जेमतेम एक परिच्छेद होता, आणि तोही मुलं परीक्षेसाठी सोडून देत. बाबांना मात्र तो परिच्छेद पुरणपोळीसारखा प्रिय होता. सगळे खंड पूर्वी एकत्र होते, मग फुटले, आणि आपापल्या वाटेनं सरकत सरकत आजच्या जागी आले, हे पहिल्यांदा नीट मांडलं ते एका जर्मन हवामानशास्त्रज्ञानं. भूगर्भशास्त्रवाले त्याला हसले. म्हणाले, तू आपला पाऊस बघ, दगडांत कशाला नाक खुपसतोस? तो बिचारा पुढं बर्फातच मेला, आणि त्याचं खरं ठरायला पुढं किती वर्षं जावी लागली. ही गोष्ट सांगताना बाबा जेवायचं विसरायचे. त्यांना स्वतःलाही शाळेत कुणी फार विचारत नव्हतं, त्यामुळे तो माणूस त्यांना घरचा वाटत असावा.

पुरावे बाबांना तोंडपाठ होते. एक सुसरीसारखा, पण हातभर लांबीचा, गोड्या पाण्यातला प्राणी. त्याचे सांगाडे आफ्रिकेत सापडतात आणि समुद्रापलीकडे ब्राझीलमध्ये सापडतात, अधेमध्ये कुठेही नाहीत. गोड्या पाण्यातला जीव एवढा खारा समुद्र पोहून जाईल का? जिभेच्या आकाराच्या पानांचं एक झाड, त्याचे ठसे भारतात, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, इतकंच काय, दक्षिण ध्रुवावरच्या दगडांतसुद्धा. आणि बाबांचा सगळ्यात लाडका पुरावा म्हणजे पैनगंगेच्या काठचे खडक. बाबा किनवटकडचे. चंद्रपूरच्या बाजूला पैनगंगेच्या काठी एके ठिकाणी खडकावर ओरखडे आहेत, हिमनद्या घासत गेल्याचे. मे महिन्यात जिथं पाय भाजतात तिथं बर्फाचे ओरखडे! कारण तेव्हा भारत दक्षिण ध्रुवापाशी होता, आफ्रिकेला आणि ऑस्ट्रेलियाला चिकटून. त्या जुन्या महाखंडाचं नावही आमच्या शेजारच्या गोंडांच्या मुलुखावरून पडलेलं. हे सांगताना बाबा असे ताठ बसायचे की जणू नामकरणाला ते हजर होते.

आणि ज्यांचा त्यांना मनापासून राग यायचा ते म्हणजे पूलवाले. खंड हलतात हे ज्यांना पटत नव्हतं, त्यांनी म्हणे अशी युक्ती काढली होती की दोन खंडांच्या मध्ये पूर्वी जमिनीचे लांबच लांब पूल होते, प्राणी त्यावरून चालत गेले, आणि नंतर ते पूल समुद्रात बुडाले. "पूल!" बाबा हातातला घास ताटात ठेवून म्हणायचे. "जिथं अडलं तिथं टाक पूल. नड भागली की बुडव पूल." आई पलीकडून म्हणायची, "तुमचा काय बांध फोडलाय त्यांनी? जेवा."

बांध फोडणं हा शब्दप्रयोग आई बोनकोड्यात येऊन शिकली होती. ती मूळची महाडकडची. बाबा मराठवाड्यातले आणि आई कोकणातली, त्यामुळे आमच्या घरात कुळथाच्या पिठल्यात मराठवाड्याचा तिखट हात पडायचा आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर सुकट असायची. वाशीतल्या नव्या इमारतींतली घरं परवडत नव्हती म्हणून बाबांनी बोनकोडे गावात नामाकाका पाटलांच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. गाव आगऱ्यांचं. भातशेती, खाडीची मासळी, कुणाकुणाचं मिठागरात काम. आम्ही बौद्ध. घर पाहायला गेलो तेव्हा बाबांनी चप्पल काढायच्या आधीच ते सांगून टाकलं, नंतर कुणाचा चेहरा पडायला नको म्हणून. नामाकाका विडी विझवत म्हणाले, "पोरांना गनित शिकवशाल ना, मास्तर?" बाबा म्हणाले, भूगोल शिकवीन. "त्यो कनाला? पन शिकवा." एवढ्यावर सौदा झाला.

त्या घराचे आवाज आजही माझ्या कानात आहेत. दुपारी डोंगरातल्या खाणीत सुरुंग उडायचे, आणि फळीवरची भांडी किणकिणायची. बाबा म्हणायचे, हा काळा दगड भारत अजून वाटेत होता तेव्हा पृथ्वीच्या पोटातून सांडलेला आहे. बायमाकाकी, म्हणजे नामाकाकांची बायको, म्हणायची, "सांडला तर सांडला, माजी मडकी कनाला फोडतो?" भरतीच्या वेळी खाडीचं पाणी उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, लाकडी फळ्यांवर येऊन थडकायचं, त्याचा एक जाडसर आवाज व्हायचा. काकी चुलीवर निवट्यांचं कालवण करायची. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे डोळे वटारलेले मासे, पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी किंचाळले होते, महिन्याभरात मी ताट चाटायला लागले. वालाच्या शेंगा निघाल्या की मडक्यात घालून पोपटी लावायची, त्या वासाला तर मी आजही कुठूनही उठून जाईन.

आणि बांध. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावानं पिढ्यान्‌पिढ्या चिखलाचा बांध राखला होता. त्याला खांड पडली, म्हणजे तो कुठं फुटला, की खारं पाणी भाताच्या खाचरांत शिरायचं आणि मग पुढची काही वर्षं तिथं काही उगवायचं नाही. म्हणून हाक आली की घरटी एक माणूस धावत जायचा आणि चिखलाचे गोळे हातोहात देऊन खांड बुजवायची. सरकारनं नव्या शहरासाठी जमिनी घेतल्याचे कागद तोवर आले होते, पण खाडीकडच्या तुकड्यांवर भराव पडला नव्हता, त्यामुळे नामाकाकांचा नांगर चालू होता आणि बांधही राखला जात होता.

नामाकाकांची मुलगी शेवंती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, केसांत अबोली, बोलणं तोफेसारखं. मला पोहायला तिनं शिकवलं, शिवीही पहिली तिनंच शिकवली. तिच्या लग्नाचं ठरायला लागलं तेव्हा मी अकरावीत होते. मुलगा जासईचा, काशिनाथ घरत, तळोज्याच्या कारखान्यात फिटर. बघण्याचा कार्यक्रम नावापुरताच झाला. त्या दोघांनी एकमेकांना त्याआधी एका जत्रेत पाहिलेलं होतं आणि पाळण्यात शेजारी बसल्यावर शेवंतीनं घाबरून त्याच्या हाताला नखं रुतवली होती, हे गुपित गावात मला एकटीलाच माहीत होतं. "सुजे, ह्यो नाय तर कोनीच नाय," ती मला विहिरीवर म्हणाली. नेहमीची तोफ त्या दिवशी इतकी हळू वाजली की मला काळजीच वाटली.

साखरपुड्याला जासईहून टेम्पो भरून माणसं आली. ओटीवर सतरंज्या, आत बायका. नामाकाकांनी बाबांना बोलावून पुरुषांच्या बैठकीत पुढच्या रांगेत बसवलं. भावकीतल्या एकदोघांनी माना वळवून पाहिलं, पण नामाकाका बोलले, "मास्तर आमच्या घरचा मानूस हाय." बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि ते त्या शब्दांनी आतून पार विरघळले होते, हे मला दारातून दिसत होतं. मला वाटतं, पुढं जे घडलं त्याचं मूळ त्या विरघळण्यातच होतं. प्रेमात आलेला माणूस जरा जास्त बोलतो.

आत जासईच्या बायकांनी गाणं धरलं. त्यात एक ओळ आली, "पान्यावर पाय ठेव बाय, बांध वलखंल तुला." ही ओळ मी काकीच्या तोंडून कितीदा ऐकली होती. गावातल्या दुसऱ्या कुठल्या घरात ती कधी ऐकली नव्हती. आमच्याकडच्या बायकांनी त्याच चालीत, त्याच हेलकाव्यात ती झेलली आणि सगळ्या एकमेकींकडे बघून हसल्या. मग काशिनाथच्या आईनं ओटीचे तांदूळ काढले, तर ते खाऱ्या जमिनीत येणाऱ्या लालसर राता भाताचे, आणि तेही काकी ठेवायची तसे हळदीच्या पानात बांधलेले. मग ती शेवंतीची हनुवटी धरून म्हणाली, "आमच्यात नवी सून आली का पयल्या सकालीं बांधावर नेतांव. तिच्या हातानं चिखलाचा एक गोला ठेवाचा. मंग ती घरची झाली." काकीनं टाळीच वाजवली. "अगो बाय! आमच्यात पन! मी पन ठेवलेला!" ओटीवर बसल्या बसल्या बाबांनी हे सगळं ऐकलं. त्यांचे डोळे भाकरीचे दोन तुकडे समोर आल्यावर व्हायचे तसे झाले होते.

शिकलेला माणूस बैठकीत असला की त्यानं दोन शब्द बोलायचेच, अशी आपल्याकडे रीतच आहे. अंगठी घालायच्या आधी नामाकाका म्हणाले, "मास्तर, दोन सबूद बोला." बाबा उठले आणि त्यांनी भाकरी मागवली. हशा पिकला. बाबांनी ती मोडली. मग आफ्रिका आली, अमेरिका आली, हातभर लांबीचा प्राणी आला, जिभेसारखं पान आलं, पैनगंगा आली. मंडळी खरोखर रंगून ऐकत होती, एका म्हाताऱ्यानं तर "वा!" केलं. आणि मग बाबा म्हणाले, "मंडळी, आज मी या घरात हेच पाहिलं. जासई तिकडं, बोनकोडे इकडं. पण गाण्याची ओळ तीच, तांदूळ तोच, बांधावरचा गोळाही तोच! कडाबी जुळतात, डागबी जुळतात. ही दोन घरं नव्हेत. हे एकच घर होतं, मध्ये फक्त खाडी आली!"

टाळ्या पडतील म्हणून बाबा थांबले. टाळ्या पडल्या नाहीत. काशिनाथचे भावकीतले लांबचे चुलते धाकलूबाबा पुढच्या रांगेत बसले होते. काशिनाथचे वडील वारल्यापासून त्या घराचा मोठेपणा त्यांच्याकडे होता. ते सावकाश म्हणाले, "मास्तर, मंजी आमी न् ह्ये एकच भावकी?"

बाबा अजून वर्गातच होते. "अगदी बरोबर!" ते म्हणाले. "एकाच वंशाच्या दोन शाखा!"

आत आईनं डोळे मिटून कपाळाला हात लावला, ते मी पाहिलं. बाबांना कळायला आणखी एक क्षण लागला. एका भावकीतली म्हणजे बहीण-भाऊ. आडनावं वेगळी, म्हणून कुणी यापुढं विचारलंच नव्हतं, आणि कुलदैवत तर बहुतेक आगऱ्यांचं एकच, त्यावरून काही ठरत नाही. धाकलूबाबा म्हणाले, "आमचा म्हातारा सांगाचा, आमचा मूल पुरुस खाडीच्या ह्याच अंगाकरून आलता. बांध फुटला तवा." त्यांनी पुढ्यातलं पानाचं ताट बाजूला सारलं. "मंग पोर आमची बहीन लागली. अंगठी आता राहू दे, नामाशेठ. चौकशी करून मंग बगू."

त्यांनी भांडण केलं नाही, आवाज चढवला नाही, जेवून गेले. पण वाढलेलं तसंच राहावं असं जेवले. टेम्पो निघाल्यावर भावकीतला एक जण बाबांना ऐकू जाईल असं बोलला, "भाडोत्र्याला म्होरं बशिवला का असंच व्हतं." भाडोत्री या शब्दाच्या जागी त्याला खरं कुठला शब्द म्हणायचा होता, तो आम्हा तिघांनाही ऐकू आला. नामाकाका त्याच्याकडे नुसतं बघत राहिले. बाबांना मात्र ते काहीच बोलले नाहीत, आणि बाबांना तेच जास्त लागलं. शेवंती माजघरात हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून काढत होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "तुजा बापूस शाना हाय गो. लय शाना हाय." त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवसांत आमच्या ताटात भूगोल बंद झाला. बाबा भाकरी न मोडता, घास तोडून तोडून खायचे. शाळेतून आले की खाटेवर बसून राहायचे. एकदा म्हणाले, "आपण दुसरीकडं खोली बघू." आई चुलीपाशी होती. ती पिठलं घोटत होती. मग तिनं ताट पुढं ठेवलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

"पिठलं."

"कसलं?"

"कुळथाचं. तुमच्या महाडकडचं."

"आणि तुमच्या किनवटात, तुमच्या आईकडं आता हे कोण खातं?"

बाबा म्हणाले, "तू शिकवलंस तेव्हापासून सगळेच खातात."

"मग तुमचं घराणं नि माझ्या बापाचं घराणं एक झालं का? तसं असेल तर सांगा, आपलं लग्न मोडू." आई पदरानं हात पुसत म्हणाली. "गाणं, तांदूळ, गोळा. सगळं चुलीपाशचं नि बायकांच्या तोंडातलं. तुमच्या त्या सुसरीला समुद्र पोहता येत नसेल. बायका तर जातातच की हो. आम्हाला उचलून दुसऱ्या घरात ठेवतात, तेव्हा आम्ही काय रिकाम्या हातानं जातो?"

बाबांच्या हातातला घास हातातच राहिला. पुढं आयुष्यभर ते मला सांगत, सुजे, माणसाला कळतं ते असंच कळतं, पिठल्यातून. ते उठून येरझाऱ्या घालायला लागले. जो प्राणी समुद्र ओलांडू शकतो त्याच्या सांगाड्यावरून जमीन एक होती असं सिद्ध होत नाही, हे ते मुलांना दरवर्षी शिकवत होते, आणि स्वतः भर बैठकीत तीच चूक करून बसले होते. "पण मग तपासता येईल!" ते एकदम ओरडले. "मूळ पुरुषाबरोबर ही रीत गेली असेल, तर ती त्यांच्या सगळ्या भावकीत पाहिजे. धाकलूबाबांच्याबी घरात पाहिजे. आणि बाईबरोबर गेली असेल, तर त्या एकाच घरात!" मग त्यांचा चेहरा जरा पडला. "म्हणजे पूलच म्हणायचा की," ते पुटपुटले. आई तोंडाला पदर लावून हसत होती.

रविवारी बाबा, नामाकाका आणि मी बेलापूरला बस बदलून जासईला गेलो. मला कशाला नेलं? बायकांना विचारायचं तर एक मुलगी बरोबर बरी, असं आई म्हणाली. नामाकाका वाटेत एवढंच बोलले, "मास्तर, आता भाकरी मोडू नका." धाकलूबाबांनी ओटीवर बसवलं. चहा आला, सगळ्यांना सारख्याच कपबशांतून. बाबांचं तिकडं लक्ष असायचं, ते कधी बोलत नसत. बाबांनी भीत भीत विचारलं, "धाकलूबाबा, तुमच्या घरात नव्या सुनेनं बांधावर गोळा ठेवलाय का कधी?"

"ठेवलाच असंल. आमची रीत हाय ना ती," धाकलूबाबा म्हणाले. सुनेला बांधावर बायकाच नेत, पुरुष कधी तिकडं फिरकत नसत.

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "आपल्यात? आपल्यात कंदी ठेवलाय गोला? ती काशिनाथाच्या घरची रीत. आमी तर हसतांव त्यांना."

धाकलूबाबांनी कप खाली ठेवला. मी उठून आत गेले, शेजारच्या दोन घरांत जाऊन आले. भावकीतलीच घरं, पण गोळा नाही. ती ओळही नाही, आणि तांदूळ साध्या फडक्यात. तिसऱ्या घरात जानाबाय नावाची एक खूप म्हातारी बाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझा हात धरून ठेवला आणि मला तो सोडवेना, म्हणून सगळे पुरुषच तिच्या अंगणात आले. "काशिनाथाच्या आजाची आयस व्हती," ती म्हणाली. "तिनं आनली ती रीत. नवी नवरी आली न् पयल्या सकालीं एकलीच गेली चिखल थापाला! आमच्या सासवा तिला चिखलीन बोलाच्या. खाडीपलीकरची व्हती. माहेरा कंदी गेली नाय, वाट लय लांब व्हती तवा."

"पलीकडं कुठली, आजी?" बाबांनी विचारलं.

जानाबायला गाव आठवेना. कोपरखैरणे म्हणाली, घणसोली म्हणाली, पुन्हा गप्प झाली. पण नामाकाका एकदम पुढं सरकले. "आमच्या आजाची एक बहीन व्हती," ते म्हणाले. "लगीन करून मचव्यात बसून गेली ती गेली. माजी आजी आमाला बांधावर नेऊन सांगाची, ह्यो गोला बायचा. दरसाल त्यावर नवा चिखल लावाची. मना वाटं, बाय मंजी देवी असंल कोन तरी. ती हीच व्हती!"

मग धाकलूबाबांनी मनाशी सावकाश जुळवाजुळव केली, बोटांवर मोजत, आधी ही लेक, मग तिचा मुलगा, मग नातू, मग काशिनाथ. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "मंजी भावकी नाय," ते म्हणाले. "तुमच्या घरची लेक आमच्यात आलेली. मंग शेवंती काय परक्या घरा चाललीय? आत्याच्या घरा भाची चाललीय!" आत्याच्या घरात भाची म्हणजे तर सगळ्यात गोड नातं. ज्या पुराव्यांनी लग्न मोडलं होतं त्याच पुराव्यांनी ते दुप्पट पक्कं झालं. जानाबाय माझा हात न सोडता म्हणाली, "चिखलीनीला माहेरचं मानूस आलं बाय," आणि तिला रडू आलं, आणि मग नामाकाकांनाही.

लग्नात बाबांना पुन्हा पुढच्या रांगेत बसवलं. दोन सबूद बोला म्हणून कुणी म्हणालं नाही, आणि म्हणायला कुणी तोंड उघडलं तर आई डोळ्यांनीच त्याला गप्प करत होती. जासईहून परतल्या परतल्याच नामाकाकांनी त्या भाडोत्रीवाल्याला चारचौघांत ऐकवलं होतं, "सोयरीक मास्तरानं जुलवलीय, तू नाय." शेवंतीनं जासईच्या बांधावर गोळा ठेवला तेव्हा मी करवली म्हणून बरोबर होते. पाटीभर चिखलातून तिनं एवढा मोठा गोळा घेतला की सासू म्हणाली, "अगो, खांड नाय परली!"

आता त्या बांधाच्या जागी रस्ता आहे, सोसायट्या आहेत, आणि शेवंतीच्या शेतावर कंटेनर रचून ठेवलेले असतात. माझं लग्न ठरलं तोवर बोनकोड्याचा बांध भरावाखाली गेला होता. मला नाशिकला दिलं, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात. निघायच्या दिवशी शेवंती जासईहून आली, प्लास्टिकच्या पिशवीत हळदीच्या पानात गुंडाळून चिखलाचा गोळा घेऊन. तिच्याकडचा बांध तेव्हा अजून होता. आमच्यात असली काही रीत नाही, आम्ही सकाळी वंदना म्हणणारी माणसं, हे तिला सांगायची कुणाला गरज वाटली नाही. आईनं पिशवी माझ्या हातात दिली. बाबा म्हणाले, "सुजे, पुढं कुणी असलाच मास्तर पुरावे गोळा करत आला, तर पार फसंल बघ. पाटलांचा आणि आपला वंश एक, म्हणून सांगंल."

"फसू द्या," आई म्हणाली.

नाशिकच्या त्या घरात गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत मी तो गोळा ठेवला. ती कुंडी फुटली, दुसरी आणली, माती तीच ठेवली. बाबा गेले, आई गेली. गेल्या वर्षी माझ्या मुलाचं लग्न झालं. सून साताऱ्याची. पहिल्या सकाळी मी तिला गॅलरीत नेलं, माती भिजवली आणि म्हटलं, एक गोळा करून ठेव. तिनं बाह्या वर केल्या, हात चिखलात घातले आणि विचारलं, "आई, ही रीत तुमच्या घराण्यात पहिल्यापासून आहे का?"

"हो," मी म्हणाले. "पहिल्यापासून."